घर कोणाच्या नावावर

नागपूरच्या तांडापेठेतल्या त्या गल्लीत सकाळचा चहा व्हायच्या आत सगळे माग सुरू झालेले असत. एखाद्या घरचा माग बंद राहिला, तर शेजारची बाई हातातलं काम टाकून दारात येई आणि विचारी, "काहून वं, बरं नाही का कोणाले?" त्या सोमवारी चंद्रभान निनाव्याचा माग बंद होता, पण विचारायला कोणी आलं नाही, कारण ती बातमी आधीच गल्लीभर झाली होती. चंद्रभान धुतलेलं धोतर नेसून, लग्नातली काळी टोपी घालून सिव्हिल लाइन्सच्या कचेरीत गेला होता. त्याच्या लेकीला, गोपिकेला, सरकारनं कॉलेजसाठी कर्ज मंजूर केलं होतं.

साल एकोणीसशे एकोणसत्तर. दिल्ली सरकारची तेव्हा एक योजना होती. हुशार, पण गरिबाच्या मुलांना कॉलेजच्या शिक्षणासाठी बिनव्याजी कर्ज मिळे आणि नोकरी लागल्यावर ते हप्त्यांनी फेडायचं असे. शिकून जो शिक्षक होईल, त्याला तर शिकवण्याच्या दर वर्षामागं कर्जाचा दहावा भाग माफ होता. गोपिका मॅट्रिकला पहिल्या वर्गात आली होती आणि तिला गणिताची शिक्षिकाच व्हायचं होतं. शेजारची मीराबाई हे ऐकून म्हणाली होती, "सरकार पैसे देते अन् मंग माफ बी करते? काहीतरी लबाडी असन बाप्पा यात."

लबाडी होती, पण ती सरकारच्या योजनेत नव्हती. ती त्याच गल्लीतल्या एका घरात होती, आणि कोणाला लबाडी वाटू नये इतकी जुनी झाली होती.

चंद्रभानची बायको अंजनाबाई रहाटावर कांड्या भरत बसली होती. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात बसवायच्या या सुताच्या नळ्या भरणं हे विणकराच्या बायकोचं जन्माचं काम. नवरा दिवसभर विणतो तेव्हा त्याचं लुगडं म्हणतात, आणि बायको दिवसभर कांड्या भरते त्याला काही नाव नसतं. अंजनाबाईला त्याचं वाईट वाटत नसे, कारण वाटायला सवड नव्हती. आज मात्र तिचं अर्धं लक्ष दाराकडे होतं.

चंद्रभान उन्हं तापल्यावर आला. टोपी काढून खुंटीला अडकवली आणि पाणी न मागताच बसला.

"जामीन पाहिजे म्हणते."

"म्हंजे काय जी?"

"म्हंजे पोट्टीनं नाही फेडलं तं फेडणारा. बापाची सही तं लागतेच, पण वरून एक घरदारवाला माणूस पाहिजे. त्याच्या नावावर घर असलं पाहिजे."

अंजनाबाईचा रहाट थांबला. "मंग आपलं घर..."

एवढं बोलून ती स्वतःच दचकली. त्या घरात हे वाक्य बोलायचं नसे. दोन खणांचं, कवेलूंच्या छपराचं ते घर अंजनाबाईच्या बापाचं होतं. नत्थूजीला मुलगा नव्हता. त्यानं उमरेडकडच्या चंद्रभानला घरजवाई करून आणलं, आपल्या मागावर बसवलं, आणि मरण्याआधी घर जावयाच्या नावानं न करता लेकीच्या नावानं केलं. म्हाताऱ्यानं लेकीचं भलं पाहिलं. जावयाच्या काळजात मात्र काटा रुतला. लग्नाच्या पहिल्याच वर्षी जातीच्या पंगतीत कोणीतरी हसत म्हणालं होतं, "घरजवायानं शेवटच्या पंगतीत बसावं गा." चंद्रभान भरल्या पानावरून उठून आला होता. त्या दिवसापासून अंजनाबाईनं घराला कधी 'माझं' म्हटलं नाही. पाहुण्यांसमोर ती 'ह्यांचं घर' म्हणे. नवऱ्याचा मान राखायला बाईनं जिभेला एवढी मुरड घालावी, यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. तिलाही नाही.

चंद्रभाननं तांब्या उचलला, घटाघटा पाणी प्याला आणि तोंड पुसत म्हणाला, "विचारलं मी साहेबाले. बाईमाणसाचं नाही चालत."

अंजनाबाईनं मान हलवली आणि रहाट पुन्हा सुरू केला. बाईमाणसाचं कुठं काय चालतं, की कचेरीत चालावं? तिला ते खरंच वाटलं.

मग चंद्रभान जामीन शोधायला निघाला. हेडमास्तरांनी गोपिकेचं तोंड भरून कौतुक केलं, चहा पाजला आणि सांगितलं की ते स्वतःच भावासाठी जामीन राहून पस्तावले आहेत. रेल्वेतल्या मावसभावाचं अजनीचं घर रेल्वेचं निघालं. वॉर्डातले पुढारी म्हणाले, सही काय, चार सह्या करतो, पण निवडणूक होऊन जाऊ द्या. दारं सगळी उघडत होती, बसायला चटया मिळत होत्या, आणि चंद्रभान होता तसाच परत येत होता. शेवटी राहिलं ते शालिकरामाचं दार.

शालिकराम जातीतलाच. इतवारीत त्याचं सुताचं दुकान होतं. अर्ध्या तांडापेठेचं सूत त्याच्याकडून उधार येई आणि विणलेली लुगडी त्याच्याच दुकानात जात. चंद्रभान तिथं बोलायला तोंड उघडतो न उघडतो तोच शालिकराम म्हणाला, "करून देईन गा सही. आपल्या जातीची पोट्टी शिकून राहिली, हे का कमी हाय?" चंद्रभानचे डोळे भरून आले. शालिकरामनं पानाचा विडा त्याच्यापुढं सरकवला आणि मग हळूच म्हणाला, "पण परक्याच्या पोट्टीसाठी घर अडकवलं, तं आमच्या घरची मले काय म्हणन? घरचीच पोट्टी असती, तं कोणी तोंड उघडलं नसतं."

गल्ल्यावर त्याचा मुलगा गिरिधर बसला होता. मॅट्रिकला पुन्हा पुन्हा बसून त्यानं अखेर नाद सोडला होता. मुलगा वाईट नव्हता. बाप सांगेल तिथं बसायचा आणि बाप सांगेल तेव्हा उठायचा. चंद्रभाननं त्याच्याकडे एकदा पाहिलं, विड्याकडे एकदा पाहिलं आणि विडा उचलला.

घरी येऊन त्यानं सांगितलं ते असं, की शालिकरामजी सही करणार आहेत, आणि आधी गिरिधरशी साक्षगंध उरकून घ्यायचं, म्हणजे सोयरीक पक्की होईल. लग्नाची घाई नाही. गोपिका शिकेपर्यंत तीन वर्षं ते थांबतील.

"पोट्टीले विचारलं का?" अंजनाबाई म्हणाली.

"हे काय विचारून राहिली? घर बसल्या स्थळ चालून आलं. हुंडा नाही मागत. वरून सही करून राहिले."

गोपिका आतल्या खोलीच्या उंबऱ्यात उभी होती. रडली नाही, चिडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "सही कधी करतीन ते?"

सतरा वर्षांच्या मुलीला तीन वर्षं म्हणजे फार लांबचा पल्ला वाटतो. तोवर काय होईल न होईल, असा विचार तिनं केला असावा. आईला मात्र तो प्रश्न खटकला. लग्नाची गोष्ट निघाल्यावर मुलीनं लाजावं किंवा रागवावं. तिनं व्यवहार विचारावा हे काही बरं लक्षण नव्हतं.

पोळा झाला, दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक निघून गेली आणि त्याच आठवड्यात साक्षगंध झालं. शालिकरामाची बायको यमुबाई हिरवं लुगडं, नारळ आणि डब्यात पेढे घेऊन आली. गोपिकेच्या कपाळी कुंकू लागलं. ओट्यावर पंगत बसली, वरण-भात, वडे, आणि कढी झाली. चंद्रभाननं वाढता वाढता एकदा कागदाचा विषय काढायचा प्रयत्न केला. शालिकराम बोटं चाटत म्हणाला, "आजच्या दिवशी कागद काढणं बरं दिसते का गा?" सगळे हसले. चंद्रभानही हसला.

मग गणपती बसले. गणपतीत शालिकरामाच्या घरी पाहुणे होते. पुढं पितरपाट लागला, आणि पितरपाटात शुभ काम कसं करायचं? नवरात्रात तो माहूरला गेला. दसऱ्याला चंद्रभान सोनं द्यायला गेला तेव्हा त्यानं चंद्रभानला मिठी मारली आणि उद्या ये म्हणाला. उद्या गेला तर दुकान बंद होतं.

सही होत नव्हती, पण यमुबाईचं येणं वाढलं होतं. येई, बसे, चहा पिई आणि गोपिकेला बोलावून घेई. "डोक्यावर पदर घेत जाय वं, आता कुंकू लागलं तुले." मग अंजनाबाईकडे वळून, "ईनबाई, कॉलेजात पोट्टे बी असतेत म्हणते. एकाच बाकावर तं नाही ना बसत?" एकदा तिनं कोनाड्यातलं बीजगणिताचं पुस्तक उचललं, उलटं धरून पाहिलं आणि म्हणाली, "हे सारं आमच्या घरी ठेवायले जागा नाही बाई." ती हे प्रेमानं म्हणाली होती. पाठीवरून हात फिरवून म्हणाली होती. गोपिका त्या हाताखाली ताठ उभी राहिली.

कॉलेजची फी थकली होती. कर्ज येणार म्हणून कॉलेजनं इतके दिवस सवलत दिली होती. आता कचेरीचा निरोप आला की दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात जामिनाची पूर्तता झाली नाही, तर कर्ज यादीतल्या पुढच्या मुलाला जाईल. चंद्रभान धावत इतवारीत गेला आणि पाय ओढत परत आला.

"काय म्हणाले जी?"

"लग्न मार्गशीर्षात उरकून टाकू म्हणते. मंग ते सून होईन. सुनेसाठी सही करणारच ना, म्हणते."

"अन् तोवर कर्ज जाईन, त्याचं काय?"

चंद्रभान खाली पाहत म्हणाला, "म्हणते, त्याइच्या घरच्या सुनेनं आजवर नोकरी नाही केली. नोकरी करायची नाही, तं कर्ज काहून काढायचं?"

वाचणाऱ्यानं इथं क्षणभर थांबावं. शिकायचं तर जामीन हवा, जामीन हवा तर सून व्हायला हवं, आणि सून झाली की शिकायचं कारण नाही. सरकारनं उघडलेलं दार या माणसानं न ओरडता, न मारता, विडा देऊन लावून टाकलं होतं. आणि सोयरीक मोडायचं बोलावं तर चंद्रभानच्या मागावरचं सूत शालिकरामचं, लुगडं घेणाराही शालिकराम, आणि जातीच्या बैठकीत पहिलं पान मिळतं तेही शालिकरामलाच. चंद्रभान अडकला होता, अंजनाबाई अडकली होती, आणि जिच्यासाठी हे सारं केलं ती गोपिका सर्वांत जास्त.

गोपिकेनं दुसऱ्या दिवसापासून कॉलेज सोडलं. कोणी सोड म्हटलं नाही. फी नाही तर कोणत्या तोंडानं जाऊ, एवढंच ती म्हणाली. माळ्यावरचा जुना रहाट तिनं खाली काढला, पुसला आणि आईशेजारी बसून कांड्या भरू लागली.

पहिल्या दिवशी तिचं सूत तुटत होतं. दोन-तीन दिवसांनी कमी तुटू लागलं. मग एका दुपारी अंजनाबाईनं सहज बाजूला पाहिलं आणि तिचा हातच थांबला. गोपिकेचा हात बसला होता. न पाहता ती सूत सोडत होती, कांडी एकसारखी भरून येत होती, आणि नजर समोरच्या भिंतीवर होती. अंजनाबाई स्वतः रोज जिथं पाहायची, त्याच भिंतीवर. आपली मुलगी आपलं काम इतकं छान शिकलेली पाहून कोणती आई सुखावणार नाही? अंजनाबाईला भीती वाटली.

"गोपे," ती म्हणाली, "राग आला का आमचा?"

"नाही वं माय." गोपिकेनं रहाट थांबवला नाही. "सुतासाठी आपण शालिकरामजीकडं भांडे गहाण ठेवतो ना? पितळी घंगाळ ठेवलं होतं, ते आणलं सोडवून. मी विचार करून राहिली, मले कोण सोडवून आणन?"

अंजनाबाई उठली. हातातली कांडी टोपलीत टाकली, पदरानं तोंड पुसलं.

"तुले कचेरी माहीत हाय का?"

"कोणती?"

"तुह्या कर्जाची. चाल. मले त्या साहेबाले एक गोष्ट विचारायची हाय."

दोघी पायीच गेल्या. कचेरीत वामनराव नावाचे कारकून होते. चष्मा कपाळावर, तोंडात सुपारी, आणि आवाज असा की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटावं रागावले आहेत. गोपिकेचं नाव ऐकताच म्हणाले, "अरे, निनावे! जामीन घेऊन आलीस का? चार दिवस राहिलेत, माहीत आहे ना?"

गोपिका काही बोलायच्या आत अंजनाबाई पुढं झाली. आयुष्यात पहिल्यांदा ती एका साहेबाशी बोलत होती, आणि पदराचं टोक तिनं मुठीत घट्ट धरलं होतं. "साहेब, बाईमाणसाचं घर काहून नाही चालत?"

"कोण म्हणतं नाही चालत? घर बाईचं असो की बुवाचं, सरकारला घराशी मतलब. आई जामीन राहू शकते, घर तिच्या नावावर असेल तर. कोणत्या बाईचं घर आहे?"

"माहं."

वामनरावांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "तुमचं? अहो पण मी तुमच्या मिस्टरांना पहिल्याच दिवशी विचारलं होतं, घरात कोणाच्या नावावर घर आहे का. ते म्हणाले, नाही साहेब, भाड्यानं राहतो."

बाजूच्या टेबलावरच्या माणसानं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. गोपिका आईकडे पाहत राहिली. अंजनाबाईला एकदम काही कळेना. मग सगळं एकाच वेळी कळलं. टोपी काढून बसलेला नवरा, घटाघट प्यालेलं पाणी, 'बाईमाणसाचं नाही चालत'. बायकोच्या घरात राहतो, हे एका परक्या कारकुनासमोर म्हणायचं वाचावं म्हणून हा माणूस गावभर हिंडला, दारोदार वाकला, आणि शेवटी मुलगी देऊन आला.

"त्याइच्या ध्यानात नसन राहिलं जी," ती म्हणाली. इतक्या वर्षांच्या सवयीनं जीभ आपोआप वळली होती. बोलल्यावर तिला त्या जिभेचाच राग आला.

वामनराव जरा मऊ झाले. "हे बघा बाई, सही-अंगठा आजच घेतो. पण मिस्टरांनी मागं भाड्याचं सांगितलं आहे, तेव्हा चौकशीला माणूस येईल. त्यांचा जबाब घेईल, गल्लीत विचारेल. ते पुन्हा तसंच बोलले तर माझा इलाज नाही. आणि दुसरं, हप्ते थकले तर उद्या घरावर येईल. समजलं ना?"

"माही पोट्टी फेडन," अंजनाबाई म्हणाली आणि अंगठा पुढं केला.

घरी आली तेव्हा चंद्रभान मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणत होता. ती समोर उभी राहिली. तिला ओरडायचं होतं, पण आवाज निघाला तो रोजचाच.

"कचेरीत गेलती मी."

धोटा मध्येच थांबला.

"बाईमाणसाचं चालते म्हणते जी."

चंद्रभान वर पाहीना. तो ताण्याच्या धाग्यांवरून बोटं फिरवत राहिला. मग म्हणाला, "काय म्हणू मग त्याच्यासमोर? बायकोच्या घरात राहतो म्हणू? सारी कचेरी ऐकून राहिली होती."

"हो. तेवढंच म्हणायचं होतं." आता मात्र तिचा आवाज चढला. "इतके वर्षं मी बोलली का कधी? तुमचं पान वाढलेलं राहिलं त्या दिवशी, तवापासून मी घराचं नाव नाही घेतलं. मले वाटलं तुमचा मान राहते, तं राहू दे. पण मानासाठी पोट्टी देसान हे नव्हतं माहीत. घराचं नाव घ्यायची लाज वाटली तुम्हाले. पोट्टीचं नाव घेतलं तवा नाही वाटली?"

तिनं पुढं काही ऐकायची वाट पाहिली नाही. पेटीतलं हिरवं लुगडं काढलं, वर सुकलेला नारळ ठेवला आणि एकटीच इतवारीत गेली.

दुकानात गिऱ्हाईक होतं. यमुबाईही तिथंच बसली होती. लुगडं पाहून तिचं तोंड उतरलं. शालिकराम आधी हसला, मग हसणं आवरून म्हणाला, "शब्द चंद्रभाननं देला. परत घेणारी तू कोण वं?"

"मी तिची माय. अन् आजपासून तिची जामीन."

"असं. अन् सूत कुठून आणसान?"

अंजनाबाईनं हातातलं पुढं केलं. लुगडं कोणी हातात घेईना, आणि जमिनीवर ठेवायला तिचं मन होईना. कसंही असलं तरी कोणाच्या तरी मागावर विणलेलं लुगडं होतं ते. शेवटी गिरिधर गल्ल्यावरून उठला. बापाकडे न पाहता त्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं. "ठेवतो काकू," तो हळूच म्हणाला. त्याला कोणी ऊठ म्हटलं नव्हतं.

सूत त्याच दिवसापासून बंद झालं. मागावरचं उरलेलं लुगडं दुसऱ्याच दिवशी विणून झालं आणि चंद्रभानचा माग थांबला. कोणी विचारायला आलं नाही. कोणाकडे बारसं होतं, बोलावणं आलं नाही. नळावर बायका बाजूला सरकून जागा देत, आणि ती जागा जरा जास्तच मोठी असे. चंद्रभान सकाळी सवयीनं खड्ड्यात पाय सोडून बसे आणि रिकाम्या मागाकडे पाही. जेवायला वाढलं की जेवे. चौकशीला माणूस येणार आहे हे त्याला माहीत होतं. तो काय सांगणार, हे अंजनाबाईनं विचारलं नाही. गोपिका दारात सायकलची घंटी वाजली की उठून उभी राही आणि पुन्हा बसे.

माणूस आला तो भर दुपारी, शेवटच्या दिवशी. सायकल हातात धरून गल्लीच्या तोंडाशीच मोठ्यानं विचारलं, "अंजनाबाई निनावे यांचं घर कोणतं?"

गल्लीला हा प्रश्नच समजेना. त्या नावाचं घर तिथं कोणी कधी ऐकलं नव्हतं. "चंद्रभानचं म्हणता का?" कोणीतरी विचारलं. माणूस म्हणाला, "अंजनाबाईंचं म्हणतोय." शेजारचा एक माग थांबला. मग समोरचा थांबला. मीराबाई दाराआड येऊन उभी राहिली.

माणूस ओट्यावर बसला, फाइल मांडीवर घेतली. चंद्रभान बाहेर आला. अंजनाबाई उंबऱ्याच्या आत होती, तिच्या खांद्यामागं गोपिका.

"तुम्ही चंद्रभान निनावे? मागं तुम्ही कचेरीत सांगितलं होतं, घर भाड्याचं आहे. आता बाईंनी स्वतःचं म्हणून सांगितलंय. काय खरं आहे? घर कोणाच्या नावावर?"

चंद्रभान उभाच होता. गल्लीतले सगळे माग आता थांबले होते आणि ओळीनं दारं अर्धी उघडी होती. त्यानं एकदा त्या दारांकडे पाहिलं. अंजनाबाईला त्याची मान वाकलेली दिसत होती, आणि तिच्या मनात आलं, की हा माणूस आता पानावरून उठून जाणार. गोपिकेची बोटं तिच्या दंडात रुतली.

चंद्रभान आत गेला. खुंटीवरची काळी टोपी काढली, डोक्यावर नीट बसवली आणि परत बाहेर आला. "अंजना," तो म्हणाला, "बाहेर ये. ओट्यावर बस."

ती बसली. तो उभाच राहिला.

"घर हिचं हाय," तो म्हणाला. आवाज फाटला, म्हणून त्यानं घसा साफ करून पुन्हा मोठ्यानं म्हटलं, "घर हिचं हाय. हिच्या बापानं हिले देलं. भाड्याचं मी खोटं सांगतलं होतं. मी इथं घरजवाई आहो. लिहा."

"तेवढं लिहायची गरज नाही हो," माणूस संकोचून म्हणाला. "बाईंच्या नावावर आहे, एवढं पुरे."

"लिहा," चंद्रभान म्हणाला. "लिहूनच घ्या."

माणसानं लिहिलं. चंद्रभाननं खाली सही केली, आणि अक्षर वळणदार काढलं. गोपिका आत जाऊन तोंडावर पदर घेऊन रडली. अंजनाबाई ओट्यावर बसून राहिली. तिला उठावंसंच वाटेना.

सूत काही लगेच मिळालं नाही. शालिकरामासारख्यांनी फिरवलेली पाठ इतक्या सहज वळत नसते. कामठीकडच्या एका दुसऱ्या व्यापाऱ्याकडे चंद्रभान खेटे घालू लागला, आणि तोवर अंजनाबाईनं घंगाळ पुन्हा, पण दुसरीकडे, गहाण टाकलं. पण जामीन मान्य झाला. कॉलेजनं फी भरायला थोडी मुदत दिली, आणि एका सकाळी गोपिका कोनाड्यातलं बीजगणित घेऊन निघून गेली. तिचा रहाट अंजनाबाईनं माळ्यावर टाकला.

त्या दिवशीही माग बंदच होता. अंजनाबाई ओटा सारवत असताना मीराबाई दारात येऊन उभी राहिली. कित्येक दिवसांनी आली होती, त्यामुळं काय बोलावं हे तिला सुचेना.

"काहून वं," ती शेवटी म्हणाली, "बरं नाही का कोणाले?"

"बरे हाय सारे. पोट्टी कॉलेजात गेली."

मीराबाई गेली नाही. इकडेतिकडे पाहून ती ओट्याच्या कडेवर टेकली आणि आवाज लहान केला.

"अंजना, आमचं घर कोणाच्या नावावर हाय वं? मले माहीतच नाही. असं कुठं विचारते?"

अंजनाबाईनं शेणाचा हात बादलीत धुतला.

"चाल," ती म्हणाली, "मी नेईन तुले. त्या साहेबालेच विचारू, घराचे कागद कुठं पाहतेत ते. कचेरी पाहिली आता मी."